तुझे तीन की माझे?

१

मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मेन राज्यात, कॅनडाच्या सीमेलगत, मकायसच्या आसपासच्या खेड्यांतून. बर्फ, चिखल, धुकं, सगळं बघून झालंय. एवढ्या वर्षांत एकही पोर बसमध्ये झोपून राहिलं नाही, कारण आमचा नियम होता. शेवटचा थांबा झाला, इंजिन बंद केलं, की ड्रायव्हरनं उठायचं, मागच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं आणि मगच मागच्या काचेला पाटी अडकवायची: 'तपासली. रिकामी.' गुडघे दुखोत नाहीतर घरी पाव्हणे ताटकळत बसोत. न बघता पाटी लावणारे ड्रायव्हर मला माहीत आहेत. त्यांना मी माणसांत धरत नाही.

रिटायर झाले तेव्हा ती पाटी मी घरी आणली. चोरलीच म्हणा ना. माझ्या नवऱ्यानं, लॉर्ननं, ती आमच्या जुन्या आरव्हीच्या, त्या राहायच्या घरगाडीच्या, मागच्या काचेला टांगली. "आता पोरं नाहीत, पण तुला चैन पडायची नाही," म्हणाला. बरोबरच बोलला मेला. आरव्ही कुठंही थांबली की मी उठून मागे जायचीच. ड्रायव्हरची सीट, मग टेबल, ओटा, बाथरूमचं दार, पडदा, पडद्यामागे पलंग आणि काच. नऊ पावलं. पाटीची एक बाजू अक्षरांची, दुसरी नुसती पिवळी.

या ऑगस्टमध्ये शेजारच्या सीटवर लॉर्न नव्हता. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. शेजारी माझी धाकटी बहीण ओडील बसली होती. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली, तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही. गळ्यात दोरीला बांधलेला स्वयंपाकघरातला टायमर, तोही रिटायर झाल्यावर सुटला नाही. मी तिला हसू शकत नव्हते, माझी पाटी होतीच.

सीमेवरच्या पुलापलीकडे कॅनडाच्या चौकीवर तरणाताठा अधिकारी खिडकीशी आला. "किती जण?"

"दोघी," मी म्हटलं.

"दारू, बंदूक, फळं, सरपण?"

ओडीलनं बर्चच्या लाकडांची मोळी आणली होती. ती त्यानं काढून घेतली. लाकडातून कीड येते म्हणे.

"अहो, नदीच्या अलीकडे हीच झाडं, पलीकडे हीच झाडं," ओडील म्हणाली. "कीड काय तुम्हाला पासपोर्ट दाखवून येते होय?"

तो बिचारा हसला आणि त्यानं आम्हाला सोडलं. तिथंच मी मनगटावरचं घड्याळ एक तास पुढे केलं. तिकडं न्यू ब्रन्सविकमध्ये आमच्यापेक्षा एक तास जास्त असतो. ओडीलनं उठून ओट्यावरच्या भिंतीवरचं लॉर्नचं पत्र्याचं घड्याळ पुढे केलं. फोन आम्ही दोघींनी बंद ठेवले होते. सीमेलगत ते कधी या देशाचा टॉवर पकडतात, कधी त्या, आणि तासाला तीनदा वेळ बदलतात. भीक नको पण कुत्रा आवर.

२

हेझन ट्रेकार्टिनचं कॅम्पग्राउंड, अशा गाड्या लावून राहायची जागा, समुद्राकडच्या उतारावर आहे. लॉर्ननं आणि मी तिथं अकरा उन्हाळे काढले. हेझन सत्तरीचा, कमी बोलणारा. लॉर्नला शोधायला पहिली होडी त्यानंच काढली होती. आता गाडी तोच विकत घेणार होता, भाड्यानं द्यायला. कागद तयार होते. म्हणून तर आम्ही आलो होतो. दोन दिवस राहायचं, गाडी त्याच्या ताब्यात द्यायची, तो आम्हाला पुलापर्यंत सोडणार.

"उद्या संध्याकाळी आतून बघतो," तो म्हणाला. "आज तुम्ही बसा निवांत."

गाडी लावली, चाकांना अटकाव घातले. मग आमचं नेहमीचं काम, गाडी समपातळीत आणणं. ती जरा जरी कलती राहिली तर फ्रीज चालत नाही आणि झोपेत माणूस गडगडतो. गवंड्याकडे असते तसली छोटी पाणसळ लॉर्ननं टेबलाच्या कडेला चिकटवली होती. मी चाकाखाली ठोकळे सरकवायचे, ओडीलनं आतून बुडबुडा बघून ओरडायचं. "मागे! अजून मागे! बास, मधोमध!"

इंजिन बंद केलं आणि मी मागे गेले. पाटी उलटी होती. पिवळी बाजू पुढे.

पेट्रोल भरायला थांबलो होतो तेव्हा मी ती स्वतः अक्षरं पुढे करून लावली होती. पण रस्ता खड्ड्यांचा, धक्क्यानं फिरली असेल. मी सरळ केली. परत येताना ओट्यावरच्या घड्याळाकडे नजर गेली. माझ्या मनगटावर चार वाजून दहा मिनिटं. भिंतीवर तीन वाजून दहा.

"ओडील, घड्याळ पुढे केलं होतंस ना?"

"तुझ्या डोळ्यांदेखत केलं."

"मग?"

"सेल गेला असेल. काय तू पण!"

सेल गेला की घड्याळ बंद पडतं, नाहीतर रेंगाळतं. बरोबर एक तास मागे जात नाही, मिनिटाचाही फरक न करता. मी ते परत पुढे केलं आणि चहा टाकला.

३

लॉर्नबद्दल मी सगळ्यांना काय सांगितलं ते आधी सांगते. पोलिसांना, हेझनला, ओडीलला, चर्चमधल्या बायकांना, सगळ्यांना एकच. लॉर्न घड्याळ पुढे करायला विसरला.

ते अगदीच खोटं नाही. पण ते अर्धंच आहे.

लॉर्न घड्याळ विसरत नसे. तो ते बदलतच नसे. बापाचं चावीचं घड्याळ होतं, रोज सकाळी किर्र किर्र करून चावी द्यायची. "माझ्या मनगटावर माझ्या गावची वेळ राहील," म्हणायचा. मी मात्र सीमा ओलांडली की लगेच बदलायची. त्यामुळे अकरा उन्हाळे आमच्या गाडीत दोन वेळा नांदत होत्या, आणि मी काहीही सांगितलं की तो विचारायचा, "तुझे की माझे?" जेवायला बाराला ये. तुझे बारा की माझे? हेझनकडे पाचला जायचंय. तुझे पाच की माझे? अकरा उन्हाळे मी 'माझे' म्हणत आले.

कॅम्पग्राउंडसमोर पार्सनचं बेट आहे. ओहोटीला समुद्र इतका मागे हटतो की बेटापर्यंत अर्ध्या मैलाची खडीची वाट उघडी पडते, गाडीसुद्धा जाईल इतकी रुंद. भरतीला त्याच वाटेवर तीन पुरुष पाणी. लॉर्न तिथं डल्स आणायला जायचा. खडकावरचं जांभळं शेवाळ, वाळवून चघळतात. मला त्याचा वासही सोसत नाही.

त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. आदल्या दिवशी त्याच्या त्या घड्याळापायी आम्ही माझ्या मैत्रिणीकडे जेवायला तासभर उशिरा पोचलो होतो, आणि हा वर तिथं हसत बसला. सकाळी बादली घेऊन दारात उभा राहिला. "कधीपर्यंत परत येऊ?"

फाटकावरच्या फळ्यावर हेझननं लिहिलं होतं: वाट तीनपर्यंत. "तीन," मी म्हटलं.

"तुझे तीन की माझे?"

मी मोज्यांच्या घड्या घालत होते. मान वर न करता म्हटलं, "तीन म्हणजे तीन."

तो जरा थांबला. मला वाटतं, वाट बघत होता. मग गेला.

मला माहीत होतं तो काय समजेल: त्याचे तीन, म्हणजे माझे चार. मनात म्हटलंसुद्धा, भिजू देत पाय जरा, गुडघाभर गार पाण्यातून यावं लागलं की अक्कल येईल. एवढंच. मी त्याचं वाईट चिंतलं नव्हतं. चौथ्या दिवशी डाव्या पायाचा बूट सापडला. बाकी काही नाही.

त्या संध्याकाळी मी आणि ओडील टेबलाशी समोरासमोर बसून माशांचं दाट सूप, चावडर, खात होतो. बाहेर उजेड होता. ओडील तिच्या जावयाच्या कागाळ्या सांगत होती. माझी नजर पाणसळीवर गेली. बुडबुडा मधोमध होता. मग तो हलला. सावकाश एका बाजूला गेला आणि तिथंच राहिला. पडद्यामागे पलंगाची स्प्रिंग करकरली.

मला तो आवाज पाठ आहे. जेवण झालं की लॉर्न मागे जाऊन आडवा व्हायचा, तेव्हा गाडी अशीच मागे बसायची.

"वारा सुटला वाटतं," ओडील म्हणाली.

खिडकीबाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. मी चमचा खाली ठेवला आणि मागे गेले. पलंग रिकामा. चादरीला हात लावला तर माझ्या नाही, त्याच्या बाजूला, ओलसर लागली. समुद्राजवळ सगळंच ओलसर असतं. पाटी परत पिवळी होती.

४

सकाळी धुकं उतरलं. हेझनच्या दुकानातून नवा सेल आणला, घड्याळात घातला, माझ्या मनगटाशी काटे जुळवले. आठ वाजून पाच. दहा मिनिटं समोर उभी राहून बघत बसले. व्यवस्थित चालत होतं.

"त्याला आता नजर लावशील," ओडील म्हणाली. मग म्हणाली, "मी आज बेटावर जाऊन येते. मूठभर डल्स आणते. लॉर्नच्या नावानं खाऊ दोघी."

"काही नको."

"का?"

"धुकं आहे."

"दुपारी विरळ होईल असं हेझन म्हणालाय. वाट खडीची आहे, सरळ आहे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ती माझ्याकडे बघत राहिली. "व्हर्ना, दोन वर्षं झाली. तू त्या पाण्याकडे बघतसुद्धा नाहीस. अगं, तो विसरला. माणसं विसरतात. तुझा काय दोष त्यात?"

तेव्हा सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण दोन वर्षं जी गोष्ट गिळली ती घशातून वर येत नाही, रुतून बसते. मी म्हटलं, "फळ्यावर बघून जा."

"बघितलं. तीनपर्यंत वाट. मी पावणेतीनलाच तिथून निघते."

साडेबाराला मी धुण्याच्या पिशव्या घेऊन वरच्या धुलाईखोलीत गेले. दोन्ही यंत्रं भरलेली. एक बाई अर्धा तास तिच्या कुत्र्याच्या ऑपरेशनची कहाणी सांगत होती. परत आले तेव्हा माझ्या घड्याळात दोन वीस झाले होते. धुकं विरळ झालं नव्हतं. उलट हेझनचं फाटकसुद्धा दिसेनासं झालं होतं.

टेबलावर ओडीलची चिठ्ठी होती. 'बारा पाचला निघाले. टायमर दोन तास चाळीस मिनिटं लावलाय. चावडर गरम करून ठेव.'

बारा पाच? साडेबाराला तर मी इथून निघाले, आणि तेव्हा ती याच टेबलाशी बसून बूट घालत होती.

मी मान वर केली. भिंतीवर एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

५

ओडीलनं वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघितली होती. म्हणजे ती खरं तर एक पाचला निघाली होती. टायमर वाजणार पावणेचारला. आणि वाट तीनला बुडणार.

हेझनच्या दाराला कुलूप होतं, गावात गेला होता. त्याची होडी बांधावर पालथी, एकटीनं हलणार नाही. अर्धा मैल खडीवरून पळायला माझे गुडघे कुठले? मी वीज आणि पाण्याच्या जोडण्या ओढून काढल्या. नळी फाटली, फाटू दे. चाकाखालचे अटकाव लाथेनं उडवले. आठ हजार पौंड वजनाची गाडी घेऊन मी उतारावरून खाली निघाले. अडीच वाजून गेले होते.

वाटेवर चाकं आली तेव्हा दोन्ही बाजूंचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आमच्याकडचा समुद्र लाटा आपटत येत नाही. तो चढतो. खडीतून बुडबुड बुडबुड करत चढतो. मी खिडकी उघडी टाकली, हॉर्न दाबत राहिले आणि पायानं चालावं तशी गाडी चालवत राहिले.

वाटेच्या मध्याला खोलगट जागा आहे. तिच्यावर पाणी आलेलं होतं. तिथं थांबले. दोन एकावन्न. बाजूचं दार उघडलं. "ओडील! ओडील!"

हॉर्न. मग शांतता. परत हॉर्न.

गाडी खाली बसली. मागच्या बाजूला. पायरी कुरकुरली आणि कुणीतरी आत चढल्यासारखी गाडी एका अंगाला झुकून सावरली. खाऱ्या पाण्याचा आणि ओल्या लोकरीचा वास आला.

"ओडील?" मी म्हटलं. मान वळवली नाही.

माझ्या डोक्यावर रुंद आरसा आहे. पोरं दिसायला असतो तसला, लॉर्ननंच बसवलेला. त्यात टेबल दिसत होतं, ओटा दिसत होता. आणि पडदा दिसत होता. सकाळपासून तो पडदा मी उघडा ठेवला होता. आता बंद होता.

मी समोर बघितलं. एकतीस वर्षं मी मागचं बघितल्याशिवाय गाडीतून उतरले नाही, आणि त्या क्षणी मला कुणी दहा हजार डॉलर दिले असते तरी मी मागे बघितलं नसतं. हॉर्नवर हात ठेवून ओरडत राहिले.

मग धुक्यात काहीतरी काळं हललं. मांडीभर पाण्यातून, बादली डोक्याशी धरून, ओडील.

ती दारातून आत कोसळली. "व्हर्ना, पाणी कुठून आलं गं एवढं?"

"दार लाव!"

वळवायला जागा नव्हती. पाव मैल मागे मागे घ्यायची, धुक्यात, दोन्हीकडे पाणी. ओडील उठली. "मी मागच्या काचेतून बघून सांगते."

"मागे जायचं नाही!" मी किंचाळले. बसमध्ये मी कधी असं किंचाळले नव्हते. "इथं बस. माझ्याजवळ बस."

ती गुपचूप बसली. मी दोन्ही बाजूंच्या आरशांत खडीची कड बघत मागे आले. चाकांखाली पाणी सळसळत होतं. टेबलावरच्या पाणसळीतला बुडबुडा कुठं होता ते मी बघितलं नाही.

६

वर गवतावर आलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. धुक्याची एक पट्टी उचलली गेली आणि समोर सपाट, करडं पाणी दिसलं. वाट नव्हतीच. इंजिन बंद केलं.

ओडीलला मी घोंगडीत गुंडाळलं. तिचे दात वाजत होते, तरी बोलत होतीच. "बरं झालं तू आलीस. पण मला वाटलं, अजून चिक्कार वेळ आहे."

"टायमर वाजला नव्हता?"

"कुठं वाजला?" तिनं गळ्यातला टायमर दाखवला. त्यात अजून बराच वेळ उरला होता.

"मग निघालीस कशी?"

ओडील गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी आयुष्यात दोनदा बघितलंय. दुसऱ्यांदा हेच.

"एक माणूस होता," ती म्हणाली. "खडकापलीकडे, पाठमोरा. डल्स काढत होता. धुक्यात नीट दिसला नाही. मी म्हटलं, काय काका, मिळतंय का? तो म्हणाला, परत कधी जायचंय? मी म्हटलं, तीनच्या आत, बहिणीनं बजावलंय."

"मग?"

"मग म्हणाला..." तिनं माझ्याकडे बघितलं. "म्हणाला, तिचे तीन की माझे?"

मी घोंगडीची कड तिच्या खांद्याभोवती ओढली.

"मला कळेना काय म्हणतोय. पण अंगावर काटा आला. बादली उचलली आणि चालायला लागले. तो माझ्या पुढं चालत होता. मध्येच पाण्यातून, मध्येच खडीवरून. एक पाय अनवाणी असल्यासारखा. मग तुझा हॉर्न ऐकू आला आणि तो दिसेना झाला." ती थांबली. "व्हर्ना, आवाज लॉर्नसारखा होता. मी नाही म्हणत तोच होता. पण होता."

तेव्हा मी सांगितलं. मोज्यांसकट सगळं. त्यानं विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं नव्हतं. मला माहीत होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं. सांगताना मी रडले नाही. दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ओडीलनं मला जवळ घेतलं नाही. तिनं हातही काढून घेतला नाही. "अगं बाई," एवढंच म्हणाली. किती वेळ आम्ही तशाच बसलो कुणास ठाऊक.

मग टायमर वाजला.

पावणेचार. आम्ही दोघी समोरच्या पाण्याकडे बघत होतो. त्या वेळी ती त्या वाटेवर पाय ठेवायला निघाली असती. टायमर वाजत राहिला आणि तो बंद करायचं तिला सुचेना. शेवटी मी केला.

मी उठले. इंजिन बंद केलं होतं, आणि मागे जाऊन आले नव्हते.

"जाऊ नकोस," ओडील म्हणाली.

"नियम आहे," मी म्हटलं.

टेबल. बुडबुडा पुढच्या टोकाला टेकला होता, म्हणजे गाडी मागे बसलेली. ओटा. भिंतीवर पावणेतीन. बाथरूमचं दार. आठव्या पावलाला माझा मोजा भिजला. फरशीवर पाणी होतं, पडद्याखालून येणारं, गारेगार.

पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण सीटखाली वाकून बघायची सवय मोडत नाही. तिथं एक बूट होता. उजव्या पायाचा. शेजारी लोकरीचा मोजा, ओला, ताणून लोंबलेला, टाचेला मी केलेलं तांबडं रफू. दोन्ही पायांवर वजन होतं. कुणीतरी पलंगाच्या कडेवर बसलं होतं, बादली घेऊन दारात थांबणाऱ्या माणसासारखं, घाई नसलेलं.

पडद्याला मी हात लावला नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती, आणि त्यानं मला तसं सांगितलंही नव्हतं. त्यानं फक्त एक विचारलं होतं.

"माझे," मी म्हटलं. मग मोठ्यानं म्हटलं. "माझे तीन, लॉर्न. माझे होते."

पाणी ठिबकत होतं ते थांबलं. मग पडद्यामागून आवाज आला, किर्र, किर्र. बारीक, सावकाश. चावीच्या घड्याळाचे काटे कुणीतरी पुढे करत होतं.

७

हेझन संध्याकाळी आला. फाटलेली नळी बघितली, खाली वाकून आसावर चिकटलेलं शेवाळ बघितलं. विचारलं काही नाही. दारातून आत डोकावला तेव्हा आमच्या टेबलावर ओडीलची बादली होती, कुणीही हात न लावलेली.

"मागचा भाग बघू का?" तो म्हणाला.

"गाडी विकायची नाही," मी म्हटलं.

"कागद झालेत की."

"फाडून टाका. माफ करा हेझन, तुमची खोटी झाली. पण विकायची नाही."

"का, ते तरी सांगाल?"

"रिकामी नाही," मी म्हटलं.

तो जुना दर्यावर्दी माणूस. मागच्या काचेकडे बघितलं, पिवळ्या पाटीकडे, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग म्हणाला, "सावकाश जा."

दुसऱ्या दिवशी पुलावर आमच्या बाजूच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "किती जण?" ओडील माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "साहेब, मी मागे बघितलेलं नाही." तो आत चढला, चार पावलं गेला, जरा थांबला आणि परत उतरला. पासपोर्ट देताना त्याचा हात गार होता. "जा," म्हणाला.

गाडी आता माझ्या अंगणात उभी आहे. ओडील रविवारी येते, पण अंगणाच्या बाजूनं येत नाही. भिंतीवरचं घड्याळ मी मेनच्या वेळेला लावते आणि सकाळी ते एक तास पुढे असतं, पलीकडच्या वेळेला, मिनिटाचाही फरक नाही. आता मागे करायचं सोडून दिलंय. दुपारी मी टेबलाशी जाऊन बसते. घड्याळात तीन वाजतात, बाहेर दोन वाजलेले असतात, आणि पाणसळीतला बुडबुडा सावकाश पुढे सरकतो. एक दिवस चुकत नाही, उशीर करत नाही.

चहा मी दोन कप टाकते. पडदा मी अजून उघडलेला नाही. पाटी पिवळीच ठेवली आहे. न बघता रिकामी म्हणायचं पाप मी बसमध्ये कधी केलं नाही, घरात काय करू?